केस पेपर हा सातबारा नव्हे

सातबाऱ्याचा उतारा कोणालाही पाहता येतो. तुमची जमीन किती, तीत विहीर आहे की नाही, पीक कोणते लावले, कोणाचा बोजा चढला आहे, हे सारे तलाठ्याच्या दप्तरात उघडे असते. आता तर ते घरबसल्या फोनवरही दिसते. जमिनीच्या व्यवहारात फसवाफसवी होऊ नये म्हणून ते तसे असणेच योग्य आहे. परंतु उघड्या कागदांची एकदा सवय लागली की माणसाला सगळेच कागद उघडे वाटू लागतात. दवाखान्यातील केस पेपरही त्याला सातबाऱ्यासारखाच वाटतो. जवळचा माणूस असला, चार प्रतिष्ठितांतला असला, की विचारावे आणि समोरच्याने सांगावे. आम्हांलाही तो तसाच वाटत होता. त्याची किंमत आमच्या धर्मग्रामातील एका मुलाने मोजली, म्हणून शेती व आरोग्याच्या ह्या पानावर हा विषय घेतला आहे.

प्रथमच सांगितले पाहिजे की हा मजकूर त्या मुलाने छापण्यापूर्वी वाचला आहे. त्याचे नाव, कॉलेज आणि दवाखाना आम्ही गाळला आहे, आणि दोनतीन तपशील त्याच्या सांगण्यावरून बदलले आहेत. वाचकांनी तो कोण हे शोधू नये. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते आमच्यामुळेच ठाऊक झाले आहे, हे पुढे येईलच.

वसईच्या पट्ट्यातून बडोद्याला शिकायला जाणारी मुले काही नवी नाहीत. नकाशावर वडोदरा असले तरी आमची जुनी माणसे अजून बडोदेच म्हणतात. १८९० साली सयाजीराव महाराजांनी तेथे कलाभवन काढले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी तेथे वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. आता शहराबाहेरही खासगी कॉलेजे झाली आहेत. गाडी थेट आहे, आणि रावपुरा, दांडिया बाजार ह्या भागांत मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून आईबापांना तेवढे परके वाटत नाही. तरी मूल वसतिगृहात राहते ते एकटेच. ताप आला तर कपाळावर हात ठेवायला आई नसते. विद्यार्थ्यांसाठी जो दवाखाना असतो तोच त्याचा आधार.

हा मुलगा दिवाळीत घरी आला तेव्हा खोकत होता. आईने आले आणि गूळ दिला, वडिलांनी वाडीवर पाणी लावायला येऊ नकोस म्हणून सांगितले, आणि सुटी संपताच तो परत गेला. तिकडे खोकला वाढला. विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, आणि क्षयरोगाचे निदान झाले. औषध सुरू झाले. घरी फोनवर मात्र तो सर्दी आहे एवढेच सांगत राहिला.

बापाला पोराचा आवाज कळतो. जानेवारीत एका संध्याकाळी त्याचे वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, पोरगा काही बोलत नाही. तुम्ही विचारा. तुम्हांला ते सांगतील." आम्ही दवाखान्याला फोन लावला. आपण त्या मुलाच्या पॅरिशचे फादर बोलतो आहोत एवढेच सांगितले. पलीकडच्या माणसाने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. त्याने नोंदवही उघडली आणि वाचून दाखवली. आजार कोणता, गोळ्या कोणत्या तारखेला सुरू झाल्या, वजन किती उतरले, खोलीतल्या कोणत्या दोघा मुलांना तपासायला बोलावले आहे, सगळे. दोन मिनिटेही लागली नाहीत. आम्ही त्याचे आभार मानले, आणि फोन ठेवल्यावर ह्या मुलाच्या वडिलांना म्हणालो, "किती भली माणसे आहेत!"

आम्ही खरेच फादर आहोत की कोणी सावकार, हे त्या भल्या माणसाला कसे कळले, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नाही.

पुढच्या रविवारी मिस्साबलिदानातील विनंत्यांत आम्ही त्या मुलाचे नाव घेतले. वडोदऱ्यास क्षयाने आजारी असलेल्या आपल्या अमुक बंधूसाठी आपण प्रार्थना करू या, अशा शब्दांत. आमचा हेतू वाईट नव्हता. सबंध देवळाने प्रार्थना केली. आणि सोमवारी सकाळी त्याच्या आईच्या म्हशींचे दूध घेणाऱ्या दोन घरांनी रतीब बंद केला. बुधवारी त्याच्या बहिणीला पाहायला येणारी मंडळी "सध्या जमत नाही" म्हणाली. आठवड्याच्या आत गावातल्या एका मित्राने त्या मुलाला फोनवर लिहून विचारले, "काय रे, टीबी झालाय म्हणे?"

मुलाने काय समजावे? त्याने घरी सांगितले नव्हते, मित्राला सांगितले नव्हते. सांगितले होते फक्त एका ठिकाणी. तेव्हा त्याने त्या ठिकाणी जाणेच बंद केले. तेवीस दिवस त्याने एकही गोळी घेतली नाही.

शेतकरी बंधूंना तेवीस दिवसांचा अर्थ औषधफवारणीवरून लवकर कळेल. कीड निम्मी मेली असता फवारा थांबवला तर उरलेली कीड त्या औषधाला दाद देईनाशी होते. क्षयाचे तसेच आहे. साधा क्षय किमान सहा महिने औषध घेतल्याने बरा होतो. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र, पुढील चार महिने तीन. नियमित उपचार सुरू झाल्यावर साधारण दोनतीन आठवड्यांत रोग्यापासून इतरांना होणारा संसर्गाचा धोका बराच उतरतो. परंतु मध्येच खंड पडला तर जंतू निर्ढावतात. मग दुसरी, अधिक जड औषधे लागतात आणि रोगी पुन्हा इतरांना रोग देऊ लागतो. म्हणजे गावाने "आपल्याला लागेल" म्हणून जे कुजबुजून केले त्याने लागण्याचा धोका वाढलाच. आणि दुधाचे म्हणाल तर तो मुलगा तीनचारशे किलोमीटरवर होता. त्याच्या खोकल्याचा ह्या म्हशींशी काय संबंध, हे त्या दोन घरांनी आम्हांला अजून समजावून सांगितलेले नाही.

हे कळल्यावर आम्ही त्याच्या वडिलांबरोबर रात्रीच्या गाडीने वडोदऱ्यास गेलो. मुलगा आमच्याशी बोलला नाही. वडिलांशी दोन शब्द बोलला. त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या असतील. मुलाला बाहेर बाकावर बसवून आम्ही दोघे आत गेलो आणि विचारले की छातीची आता काय स्थिती आहे, रोग बळावला आहे काय. बाईंनी हातातला कागद पालथा घातला. त्या हिंदीत बोलल्या. त्याचा भावार्थ असा : "तो बाहेर बसला आहे. मी त्याला विचारते. तो हो म्हणाला तर सांगते."

वडील चिडले. "मी त्याचा बाप आहे. फी मी भरतो. वाडीतली केळी विकून भरतो. आणि मला नाही सांगणार?"

बाई बाहेर गेल्या, पाच मिनिटांनी परत आल्या आणि म्हणाल्या, "आज तो नाही म्हणतो. उद्या कदाचित म्हणेल." मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, "फादर, तुमच्याकडे कन्फेशनला आलेल्या मुलाचे तुम्ही ह्यांना सांगाल का?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. कुमसाराला आलेल्याचे गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस ख्रिस्तसभेचा कायदा बहिष्काराची शिक्षा देतो, हे आम्ही सेमिनरीत पाठ केले आहे. ते गुपित आम्ही जन्मभर सांभाळत आलो. आणि त्याच तोंडाने एका मुलाचा केस पेपर वेदीवरून वाचून दाखवला.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली ती आम्ही विसरणार नाही. फोनवर माहिती देणारा माणूस त्यांच्याच कचेरीतला होता हे त्यांना समजले होते. त्यांनी माफी मागितली, ती मात्र आमची नव्हे, बाकावर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाची. हात जोडून. नंतर त्यांनी त्याला सांगितले की ह्यापुढे तुझी नोंदवही माझ्या कपाटात राहील आणि किल्ली माझ्याकडे. त्या दिवसापासून त्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. उपचार किती वाढवायचे ते थुंकीची पुन्हा तपासणी करून ठरले. सुदैवाने जंतू निर्ढावले नव्हते.

परत आल्यावर आम्ही ह्याविषयी वाचन केले. ते थोडक्यात वाचकांपुढे ठेवतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक असायला हवे अशा पुष्कळ कचेऱ्यांनाही ते ठाऊक नसावे.

डॉक्टरने रोग्याचे गुपित राखावे ही गोष्ट ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नावाने चालत आलेल्या शपथेत आहे, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली जिनिव्हा येथे डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने नवी प्रतिज्ञा तयार केली. तिच्या आजच्या रूपात रोगी मेल्यानंतरही त्याचे गुपित राखण्याचे वचन आहे. आपल्या देशात भारतीय वैद्यक परिषदेची २००२ सालची नियमावली आहे. व्यवसाय करताना कळलेले रोग्याचे गुपित डॉक्टरने फोडू नये, असे ती सांगते. अपवाद तीनच. न्यायालयात न्यायाधीशाने आदेश दिला तर. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि ओळखता येण्याजोगा धोका असेल तर. आणि सरकारला कळवणे सक्तीचे आहे असा रोग असेल तर. "पॅरिशचे फादर विचारतात" हा चौथा अपवाद तेथे नाही. "बाप विचारतो" हाही नाही.

२०१७ साली ह्या बाबतीत तीन मोठ्या गोष्टी घडल्या. २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरवले की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षी मानसिक आरोग्याचा कायदा झाला. मनाच्या आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. एचआयव्हीबाबतचा कायदाही त्याच वर्षीचा. त्यानुसार अशी माहिती उघड करण्यास त्या माणसाची लेखी संमती लागते. हे दोन्ही कायदे २०१८ पासून अमलात आहेत.

क्षय हा मात्र सरकारला कळवण्याचा रोग आहे. २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरने, मग तो सरकारी असो वा खासगी, आपल्याकडील क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणे सक्तीचे आहे. ती नोंद रोग्याच्या हिताची आहे. तीमुळे औषध फुकट मिळते, खंड पडला तर आरोग्य सेवक चौकशीला येतो, आणि सकस आहारासाठी दरमहा पैसे खात्यात जमा होतात. एप्रिल २०१८ पासून ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले आहेत. म्हणून वाचकहो, गुपित राखायचे म्हणजे आजार दडपायचा असे कोणी समजू नये. सरकारच्या क्षयरोग विभागाला कळवणे वेगळे आणि डेअरीवर कळवणे वेगळे. पाट काढताना आपण पाणी ज्या वाफ्याला हवे त्याच वाफ्याला सोडतो. बांध फोडून सगळ्या शिवारात सोडत नाही.

खोलीतल्या त्या दोघा मुलांना तपासणे तर भागच होते. बंद खोलीत रात्रंदिवस बरोबर राहणाऱ्यांना धोका असतो. आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारले की मग हे गुपित कसे राहते. त्या म्हणाल्या की पहिल्या दिवशीच त्यांनी मुलाला दोन वाटा सांगितल्या होत्या. तू स्वतः सांग, नाही तर तुझे नाव न घेता आम्ही बोलावू, पण बोलवावे तर लागेलच. त्याने स्वतः सांगितले. त्या दोघांची तपासणी झाली, दोघेही निरोगी निघाले. शिवाय ह्या दोघांपैकी कोणीही गावभर सांगितले नाही. सांगितले ते आम्ही.

धोका आणि गुपित ह्यांची ओढाताण न्यायालयातही गेलेली आहे. रक्तदानाच्या वेळी एका माणसाला एचआयव्हीची लागण असल्याचे इस्पितळाला कळले. ती गोष्ट बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. तो इस्पितळाविरुद्ध न्यायालयात गेला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल इस्पितळाच्या बाजूने दिला, कारण ज्या मुलीशी लग्न ठरले होते तिच्या जीवाचा प्रश्न होता. ह्या निकालावर कायदेपंडितांत पुष्कळ वाद झाला. तो कसाही असो. त्यातूनही गावाला हक्क मिळत नाही. ज्या एका माणसाला खरा धोका आहे त्याचाच तो विचार करतो.

आता आईबापांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो सर्वांत अवघड आहे आणि तो विचारणाऱ्या बापाच्या हाताला आम्ही घट्टे पाहिले आहेत. मूल अठरा वर्षांखालील असेल तर आईबाप पालक आहेत, त्यांना सांगितलेच पाहिजे. अठरा पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान. तो मत देतो, शेत विकत घेऊ शकतो, आणि त्याच्या देहाची माहिती त्याची असते. फी कोण भरतो ह्याने ते बदलत नाही. विहिरीला कर्ज सोसायटीने दिले म्हणून सोसायटीचा सचिव रोज तुमच्या पोहऱ्यात डोकावत नाही.

ह्याला मर्यादा आहे. मुलाच्या जीवालाच धोका असेल, तो जीवाचे बरेवाईट करील अशी भीती असेल, तर मानसिक आरोग्याचा कायदाही जीव वाचवण्यापुरती माहिती देण्यास मुभा देतो. तेथे गप्प बसणे हा गुन्हाच ठरेल. परंतु सर्दीपासून क्षयापर्यंतच्या सगळ्या गोष्टींना तो नियम ताणता येत नाही. आणि अनुभवाने सांगतो, जे मूल घरी सांगत नाही त्याचे कारण बहुधा दवाखान्यात नसते, घरी असते. ह्या मुलाने पुढे आम्हांला कारण सांगितले. बहिणीच्या लग्नाचे चालले होते. त्याच्या आजाराने ते मोडू नये म्हणून तो गप्प होता. ज्याची त्याला भीती होती नेमके तेच आम्ही घडवले.

विद्यार्थ्यांच्या दवाखान्याची आणखी एक अडचण आहे, ती इतर दवाखान्यांना नसते. तेथला डॉक्टर बहुधा कॉलेजचा पगारी असतो. मग कागद कोणाचा, मुलाचा की कॉलेजचा? अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात हा प्रश्न उघड्यावर आला. एका विद्यार्थिनीने अत्याचाराच्या प्रकरणात विद्यापीठाच्या वागणुकीविरुद्ध तक्रार केली होती. विद्यापीठाने आपल्याच समुपदेशन केंद्रातून, तिच्या संमतीविना, तिच्या उपचाराचे कागद आपल्या वकिलांसाठी मागवून घेतले. केंद्रात काम करणाऱ्यांनीच ह्याविरुद्ध आवाज उठवला. २०१५ साली विद्यापीठाने त्या मुलीशी आठ लाख डॉलर देऊन तडजोड केली. २०१६ साली तेथील शिक्षण खात्याने सर्व कॉलेजांना लिहिले की विद्यार्थ्याशी खटला चालू असता त्याचे उपचाराचे कागद न्यायालयाच्या आदेशाविना किंवा त्याच्या लेखी संमतीविना सहसा वकिलांना देऊ नयेत. एवढ्या श्रीमंत देशात, एवढ्या कायद्यांच्या जंगलात, हे पत्र लिहावे लागले.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे दवाखान्यापर्यंतही जावे लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेतील भुज येथे मुलींच्या एका संस्थेच्या वसतिगृहात काय झाले ते पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. तेथे पाळी आलेल्या मुलींनी नोंदवहीत नाव लिहावे असा नियम होता. नावे दिसेनात म्हणून साठाहून अधिक मुलींना कपडे उतरवून तपासण्यात आले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, प्राचार्यांसह चौघांना अटक झाली. आम्हांला त्या तपासणीइतकीच ती नोंदवही भयंकर वाटते. तपासणी एका दिवसाची. वही महिनोन्‌महिने टेबलावर पडून होती आणि कोणालाही तीत वावगे दिसले नाही. गुजरातेकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर येथील एका शाळेत अगदी तसाच प्रकार घडला आणि तेथेही मुख्याध्यापिकेस अटक झाली.

आजाराची माहिती आता वहीतच राहते असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण चोरून इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. तपासणीसाठी आलेल्या बायाबापड्यांचे चित्रण. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातील तरुणही होते. तपासणीच्या खोलीत कॅमेरा हवाच कशाला, हा प्रश्न विचारण्यास शिक्षण लागत नाही. आपल्या मुलींनी तो विचारावा.

जूनमध्ये ज्यांची मुले बाहेरगावी जाणार आहेत त्यांच्यासाठी कामाच्या दोनचार गोष्टी सांगतो. वसतिगृहाच्या प्रवेशाच्या कागदात आजारांचा रकाना असतो. दमा, फिट, मधुमेह, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हे लपवू नये. रात्री काही झाले तर त्यावर जीव अवलंबून असतो. पण तो कागद बंद पाकिटात डॉक्टरकडे द्यावा, रांगेत उभे राहून कारकुनाला मोठ्याने सांगू नये. रजेसाठी डॉक्टर जो दाखला देतो त्यात आजाराचे नाव लिहिण्यास जागा असते, म्हणून तोही कचेरीत बंद द्यावा. वर्गात फिरवायचा तो कागद नव्हे. मुलाने आपल्या विश्वासाच्या एका माणसाचे नाव दवाखान्यात लेखी देऊन ठेवावे, की गरज पडली तर ह्यांना सांगा. तो माणूस बापच असला पाहिजे असे नाही. मावशी असेल, थोरली बहीण असेल. इस्पितळात दाखल झाल्यास तेथील कागदांची नक्कल मागण्याचा रोग्याला हक्क आहे आणि मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी असे २००२ च्या नियमावलीत आहे. दाखल रोग्याचे कागद तीन वर्षे जपण्याचेही बंधन आहे. तेव्हा "फाइल सापडत नाही" हे उत्तर ऐकून परतू नये.

सरकारने आता आरोग्याच्या नोंदींसाठी चौदा आकडी आभा क्रमांक काढला आहे. त्यातील कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्यास तुमची संमती लागते. म्हणून तो क्रमांक मुलाच्या स्वतःच्या मोबाइलला जोडावा, वसतिगृहातल्या कोणा दादाच्या मोबाइलला नव्हे, आणि फोनवर येणारा ओटीपी कोणाला वाचून दाखवू नये. आणि रिपोर्टाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याची जी नवी रीत पडली आहे तिच्याविषयी काय लिहावे? मागच्या महिन्यात आमच्या फोनवर एका बाईच्या शस्त्रक्रियेचा कागद चार वेगवेगळ्या माणसांकडून आला. चौघांनीही खाली हात जोडल्याचे चित्र टाकले होते.

आमच्याकडे काय बदलले तेही सांगावे लागेल. विनंत्यांत आता नुसते नाव घेतले जाते, तेही घरच्यांनी नव्हे, आजारी माणसाने स्वतः हो म्हटले तर. आजाराचे नाव घेतले जात नाही. पहिल्या काही रविवारी मिस्सा संपल्यावर दोघीतिघी येऊन विचारीत, "फादर, काय झालंय हो तिला?" आता विचारणे कमी झाले आहे. मदतीच्या आवाहनात रोग्याचा फोटो छापणे आम्ही बंद केले. त्यामुळे वर्गणी थोडी कमी जमते, हे खरे आहे. औषधांच्या बिलासाठी जे कागद कचेरीत येतात ते पूर्वी टेबलावर ढिगाने पडलेले असत. आता त्यांना कुलपाचा खण आहे. त्याची किल्ली एकदा हरवली आणि आमची चांगलीच फजिती झाली, पण तो निराळा विषय.

मुलाचे उपचार पूर्ण झाले. शेवटची थुंकीची तपासणी स्वच्छ आली. तो कागद त्याने वडोदऱ्याहून स्वतः आणला आणि स्वयंपाकघरात आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही, म्हणून त्याने वाचून दाखवला. वडील दारात उभे होते. "मी ऐकू का?" असे त्यांनी विचारले, हे आम्हांला मुलानेच सांगितले. आमच्याशी तो आता बोलतो, पूर्वीइतके नाही. बहिणीचे त्या घरी जमले नाही. दुसरीकडे बोलणे चालू आहे.

दोन घरांपैकी एकाने दुधाचा रतीब पुन्हा सुरू केला आहे. दुसऱ्याने अजून नाही.